गुलछडीचं काटेरी गणगोत

देवाच्या हारात आणि लग्नाच्या मांडवात दरवळणारी गुलछडी म्हणजे बांधावरच्या काटेरी केकताडाची सख्खी बहीण. लिनियसनं १७५३ साली तिला ‘पॉलिॲन्थिस ट्यूबरोझा’ असं नाव दिलं आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ ती त्याच नावानं वावरली. पुढे डीएनए तपासले गेले, तेव्हा कळलं की पॉलिॲन्थिस ही अगेव्ह वंशाचीच एक फांदी आहे. २०२० मध्ये तिचं नवं शास्त्रीय नाव प्रसिद्ध झालं: ‘अगेव्ह अमिका’. तेव्हा नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) ज्यांच्या रानात गुलछडीचा प्लॉट आहे ते सगळे शेतकरी अगेव्हची बागायती शेती करतायत. बांधावरचं घायपात हे तेच अगेव्ह, फक्त कोरडवाहू.

या घराण्यात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या, बहुतेक मेक्सिकोतल्या. आपल्याकडे ही मंडळी समुद्रमार्गे आली, रेल्वे रुळांच्या कडेला आणि बांधांवर कुंपण म्हणून लागली आणि रुजली. कोणी घायपात म्हणतं, कोणी केकताड. कुळ बघायला जावं तर शतावरीचं. शतावरी, गुलछडी आणि केकताड या तिघींना एका ओळीत बसवून फोटो काढला तर नातं कोणाला पटणार नाही, पण फुलाच्या सहा पाकळ्या मोजल्या की पटतं.

रात्रपाळीचा श्वास

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या नादात पाणी गमावतात. केकताड दिवसभर छिद्रं मिटून बसतं. सूर्य मावळला, हवा गार झाली की ती उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, छिद्रं बंद ठेवूनच, त्याची साखर होते. त्यामुळे तेवढाच कार्बन पकडायला याला इतर पिकांच्या काही पट कमी पाणी पुरतं. निवडुंग आणि अननसही असंच करतात.

नगर जिल्ह्यात या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. पश्चिम टोकाला अकोले तालुक्यातल्या घाटघरला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे पाचशे-साडेपाचशे झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची, ही रीत हिवरे बाजार या गावानं याच जिल्ह्यात घालून दिली. त्या ताळेबंदात केकताडाच्या नावावर खर्च जवळपास पडतच नाही.

एकदाच, पण जोरात

केकताडाला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. वर्षानुवर्षं खोडात साठवलेली सगळी शिदोरी ते एका दांड्यात ओततं. दांडा दिवसाला वीतभरही वाढू शकतो आणि दुमजली घराची उंची सहज गाठतो. फुलं झाली, फळं धरली की मूळ झाड वाळून जातं. इंग्रजीत याला शंभर वर्षांचं झाड म्हणतात, प्रत्यक्षात दहा ते तीस वर्षांत काम उरकतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या काचघरातलं एक झाड मात्र फारच सावकाश निघालं. १९३४ साली मेक्सिकोतून आणलेल्या त्या झाडाला २०१४ मध्ये, ऐंशी वर्षांनी, दांडा आला. तो छपराला टेकला, तेव्हा छताची काच काढून त्याला वाट करून द्यावी लागली.

गुलछडीच्या कंदाचंही असंच आहे. ज्या कंदातून दांडा निघाला तो संपतो, भोवतीचे पोरकंद पुढे चालू राहतात. म्हणूनच एकदा लावलेला प्लॉट तीन वर्षं फुलं देतो.

इथून खरी गोष्ट सुरू होते. झाड मरणार असेल तर वंश कसा चालतो? केकताडाकडे तीन वाटा आहेत. एक, बुडातून फुटणारे मुनवे. दोन, काही जातींच्या दांड्यावरच फुलं गळाल्यावर उगवणारी छोटी छोटी रोपटी. ती मुळांसकट खाली पडतात आणि रुजतात. तीन, बी. पहिल्या दोन वाटा झटपट, हमखास आणि फुकट. जगभरातल्या शेतकऱ्यांनी त्याच धरल्या, यात नवल नाही. पण मुनवा काय, रोपटं काय, आईची हुबेहूब नक्कल असते. आईला ज्या रोगाची भीती तीच लेकीला आणि तीच पणतीला. नव्या गुणांचे पत्ते पिसले जातात ते फक्त बियात.

बासष्ट रोपांचं साम्राज्य

नकलांवर किती मोठा डोलारा उभा राहू शकतो बघा. दोरासाठी लावतात त्या सिसाल जातीत गुणसूत्रांचे पाच संच असतात, त्यामुळे तिला बी जवळजवळ धरतच नाही. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन कृषितज्ज्ञानं फ्लोरिडाहून हजार रोपटी पूर्व आफ्रिकेला नेण्याचा घाट घातला. टांगा बंदराला पोहोचेपर्यंत जगली फक्त ६२. त्या बासष्टांच्या मुनव्यांवर आणि रोपट्यांवर तिथला अख्खा सिसाल उद्योग उभा राहिला आणि पुढे टांझानिया काही काळ जगातला सर्वांत मोठा उत्पादक होता. लाखो एकर आणि सगळी झाडं त्या बासष्टांच्याच रक्ताची.

मग तिथल्याच संशोधकांनी दुसरी वाट धरली. बी धरणाऱ्या दोन अगेव्ह जातींचा संकर केला, त्यातून उगवलेल्या रोपाचा पुन्हा एका पालकाशी संकर केला आणि हजारो रोपांतून एक निवडलं. त्याला नावसुद्धा मिळालं नाही, नुसता नंबर मिळाला: ११६४८. साधी सिसाल आयुष्यभरात दोनशे-अडीचशे पानं देते, हा पठ्ठ्या सहाशेच्या आसपास. ही करामत बियाची. पुढे मात्र त्याच एका रोपाच्या पुन्हा नकला काढल्या गेल्या, चीनपर्यंत पोहोचल्या आणि पट्ट्यापट्ट्यांनी पानं कुजवणाऱ्या झेब्रा रोगानं नेमकं त्यालाच गाठलं. एकदा बियातून चांगलं रोप मिळालं म्हणून काम संपत नाही. दर पिढीत थोडं बी पेरत राहावं लागतं.

वटवाघळांसाठी पाच टक्के

मेक्सिकोतली टकीला कायद्यानं एकाच जातीपासून बनते, निळ्या अगेव्हपासून. दांडा आला तर खोडातली साखर त्यात जाते, म्हणून तो दिसताच छाटतात. फूल नाही, म्हणून बी नाही, म्हणून लागवड फक्त मुनव्यांची. १९९० च्या दशकात रोगांनी हे मळे झोडपले आणि शतकाच्या शेवटी अगेव्हचा मोठा तुटवडा पडला. नुकसान आणखी एकाचं झालं: फुलांतल्या मधावर जगणाऱ्या लांब नाकाच्या वटवाघळांचं. रात्री उमलणाऱ्या या फुलांचं परागीभवन मुख्यतः तीच करतात.

रॉड्रिगो मेडेयीन या मेक्सिकन शास्त्रज्ञानं उत्पादकांपुढे एक साधा हिशोब मांडला. शंभरातली पाच झाडं फुलू द्या. वटवाघळांना मध मिळेल, झाडांना बी धरेल आणि पुढच्या पिढीत सरमिसळ होईल. २०१६ मध्ये ‘वटवाघूळ-स्नेही’ असा शिक्का असलेल्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. छोट्या लांबनाक्या वटवाघळाची संख्या अनेक वर्षांच्या जपणुकीनं इतकी सावरली, की २०१८ मध्ये अमेरिकेनं त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर काढलं. मला या साऱ्या घराण्यातली ही सर्वांत आवडती गोष्ट. शंभरातली पाच झाडं सोडणं कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातलं आहे.

(दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासूनही आपल्याकडे मद्य बनतं; आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात गाळलेलं असं पेय २०११ पासून गोव्यात विकायला आलं. त्याला टकीला म्हणता येत नाही, कारण ते नाव मेक्सिकोच्या भौगोलिक मानांकनात बांधलेलं आहे.)

बियातून आलेली गुलछडी

अगेव्ह बियापासून वाढवायचं म्हणजे दूर मेक्सिकोचं काम, असं वाटत असेल तर आपल्या फुलबाजाराकडे बघा. डबल गुलछडीला सहसा बी धरत नाही. सिंगलला धरतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सिंगल आणि डबलचा संकर करून, बी पेरून, रोपं निवडून ‘शृंगार’ काढली. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला ती दाद देत नाही, आणि गुलछडीवाल्याला विचारा, सूत्रकृमी हे केवढं दुखणं आहे! मग शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून ‘प्रज्वल’ आली. भरगच्च पाकळ्यांची ‘सुवासिनी’सुद्धा याच मार्गानं आली.

आणि राहुरी! महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात. त्यांच्या नावावर ‘फुले रजनी’ ही सिंगल जात आहे. ज्या जिल्ह्यात गुलछडीचे मळे आहेत, सुधारित जात देणारं विद्यापीठ आहे आणि वर केकताडाचे बांधही आहेत, तिथे अगेव्ह बियापासून वाढवण्याचा प्रयोग परका वाटायचं कारणच नाही. गुलछडीवाल्यांनी एक करून बघावं. सिंगलच्या प्लॉटच्या कडेचे दोन-चार दांडे तोडायचे नाहीत. फुलं गळाली की हिरवी बोंडं धरतात. ती वाळून तडकू लागली की आतलं काळं बी काढून पेरायचं. कंद पोसून फूल यायला कंदापासूनच्या लागवडीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण येणारं प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं.

वाख, दावं, कासरा

केकताडाच्या पानातून निघणारा वाख हा एके काळी शेतीचा कणा होता. पानं ठेचायची, पाण्यात कुजवायची, धुऊन पिळायची की उरतात ते पांढरे लांब धागे. गावोगावच्या मातंग कारागिरांनी त्यातून दावी, कासरे, म्होरक्या, वेसणी आणि मोटेचे नाडे वळले. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा तो त्यांच्या हातचा. या कामात हाताला सुटणारी खाज ही सुईसारख्या बारीक ऑक्सॅलेट स्फटिकांची करामत. नायलॉनचा दोर आला आणि हे कौशल्य बाजूला पडलं. पण नायलॉन तुटला की त्याचे तुकडे वर्षानुवर्षं रानात पडून राहतात आणि गुरांच्या पोटात जातात. वाखाचं दावं तुटलं तर उकिरड्यात त्याची माती होते.

ताज्या पानाच्या वजनात धागा असतो फक्त चार टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या गराचा आणि रसाचा विचार झाला तरच हिशोब बसतो. त्या रसात हेकोजेनिन नावाचं द्रव्य असतं, ज्यापासून स्टेरॉइड औषधं बनवता येतात. रिठ्यासारखा फेस आणणारी सॅपोनिनंही असतात, म्हणून मेक्सिकोत काही जातींचा साबण म्हणून वापर झाला. ओडिशातल्या बामरा इथे सिसालवर काम करणारं सरकारी संशोधन केंद्रही आहे. आपल्या बांधांवरच्या केकताडांकडे तशाच नजरेनं बघणारं कोणी नगरलाही असावं, असं मनापासून वाटतं.

चाऱ्याचं काय?

नगरनं चारा छावण्या पाहिल्यात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यात काही शेतकरी अगेव्हची पानं यंत्रानं बारीक करतात, हवाबंद डब्यांत महिनाभर आंबवतात आणि तो मुरघास शेळ्या-मेंढ्यांना देतात. आंबवल्यावर सॅपोनिनांचा जोर कमी होतो. सोबत मेस्किट झाडाच्या शेंगा घालतात आणि हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड. दोन्ही दुष्काळी, दोन्ही फुकट. इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कच्चं पान जनावरापुढे टाकू नये. सॅपोनिनं आणि स्फटिक तोंड, घसा, पोट सोलवटून काढतात. कोणत्या जातीचं पान, किती दिवस आंबवून, किती द्यायचं, हे पशुवैद्यकांनी आणि विद्यापीठानं आधी तपासावं, मगच गोठ्यात न्यावं.

कोंभाळण्याचं कोठार

बी का जपायचं, हे नगर जिल्ह्याला बाहेरच्यानं शिकवावं लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ते आधीच करून दाखवलंय. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी शेतकरी बाईंनी गावरान वाल, घेवडे, भाज्या, काळभात, रायभोग अशा वाणांचं बी गोळा केलं, घरातच बँक उभी केली आणि बाएफ संस्थेच्या साथीनं ती परिसरात पसरवली. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती त्याच कामातून उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या आल्या, २०१९ मध्ये नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं आणि महाराष्ट्रानं तेच नाव उचललं.

त्यांचे वाण इथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आणि केकताड बाहेरून आलेलं, हा फरक विसरता कामा नये. पण तत्त्व एकच: ज्याच्या हातात तऱ्हेतऱ्हेचं बी, त्याच्या हातात पुढच्या वाईट वर्षाचं उत्तर. एका वाणाला पाऊस मानवला नाही तर दुसऱ्याला मानवतो. एकाच झाडाच्या दहा हजार नकला लावल्या तर ही सोय उरत नाही.

पेरायचं कसं

सोपं आहे, फक्त घाई नको. आधी दांड्याखाली उभं राहून वर बघा. टोकाला छोटी हिरवी रोपटी लटकत असतील तर ती जात बहुधा बियाची नाही. तीन कप्प्यांची लांबट बोंडं असतील तर काम झालं. बोंडं तपकिरी होऊन टोकाला तडकू लागली की काढा. आत नाण्यांच्या चवडीसारखं चपटं बी रचलेलं असतं. काळं बी घ्या. फिकट, पांढुरकं असतं ते पोकळ. केकताडाच्या फुलात पराग आधी पिकून झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे जवळपास एकाहून जास्त झाडं फुललेली असतील तर बी जास्त भरतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा उबदार झाली की, सच्छिद्र खोक्यात वाळू आणि कंपोस्टचं मिश्रण भरा. बी वर पसरा, त्यावर वाळूचा नुसता पदर घाला, खोल पुरू नका. ओलावा राहील एवढंच पाणी फवाऱ्यानं द्या. एक ते तीन आठवड्यांत गवतासारखी हिरवी टोकं दिसतात. मोठं केकताड उन्हाला भीत नाही, पण बाळ भीतं. पहिल्या वर्षी त्याला हिरव्या जाळीची सावली हवीच. सर्वांत मोठा शत्रू ऊन नव्हे, साचलेलं पाणी. पावसाळ्यात खोकी छपराखाली घ्या, नाहीतर बुडं कुजून एका आठवड्यात सगळं खलास.

काही महिन्यांनी खोक्याकडे नीट बघा. एकाच बोंडातल्या रोपांत एखादं निळसर असतं, एखादं रुंद पानाचं, एखादं जोमानं पुढे पळालेलं. मुनव्यांच्या वाफ्यात हे कधी दिसत नाही. पाणी तोडल्यावर टिकणारी, कमी काट्याची, लांब पानांची रोपं बाजूला काढा. बाकीचीही टाकू नका.

कुठे लावायचं नाही

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. कर्जतचं रेहेकुरी अभयारण्य, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं, काळविटांसाठी १९८० पासून राखलेलं आहे. माळढोकांसाठीचं अभयारण्यही सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या माळांवर जाहीर झालं. उघडा माळ बघणाऱ्याला रिकामा वाटतो, प्रत्यक्षात तो गवतांनी, टिटव्या-चंडोलांनी, लांडग्या-खोकडांनी भरलेला असतो. तिथे केकताडाची लागवड करणं म्हणजे त्यांचं घर काढून घेणं. दक्षिण आफ्रिका, स्पेन, ऑस्ट्रेलियात घायपाताच्या काही जाती मुनवे फोडत पसरल्या आणि तिथल्या गवताळ भागांची डोकेदुखी होऊन बसल्या. जैवविविधतेच्या नावानं माळरान खणायचं असेल तर बी पेरूच नये.

जागा आहेत त्या वेगळ्या: शेताचा मुरमाड बांध, समतल चराची वरची कड, खाणीचा उघडा पडलेला उतार, रस्त्याकडेचं जुनं कुंपण. तिथे केकताडाची मुळं माती धरतात, काटे शेळ्यांना अडवतात आणि फुलोरा आला की मधमाश्यांची झुंबड उडते. मुनवे हद्द सोडून निघाले तर दरवर्षी काढायचे आणि वाखाला वापरायचे. मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ अशी इथली झाडं ठेवायची, म्हणजे बांध एकसुरी होत नाही. खोक्यातली रोपं दुसऱ्या पावसाळ्यानंतर बांधावर न्यायला तयार होतात. तोवर शेजारच्या गावात दुसरा एखादा दांडा फुललेला दिसला, तर त्याचंही मूठभर काळं बी मागून आणा आणि पुढच्या खोक्यात मिसळा.